जुना लोखंडी रंधा: वय नंतर, बीड आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विक्रेत्याकडे "स्टॅनली नंबर 5, शंभर वर्षं जुना, दुर्मीळ, साफ करून नवा रंग दिलेला" असा लोखंडी रंधा आहे. सोबत एक लांब लाकडी रंधाही तो देतो म्हणतो. फोटो तीनच, तळाचा एकही नाही. विचारणाऱ्याला दोन पाट्या सरळ जोडता याव्यात आणि टेबलाचा माथा साफ करता यावा एवढंच हवं आहे. रंधा खरंच तेवढा जुना आहे का, अस्सल आहे का आणि घ्यावा का?

आधी "दुर्मीळ" हा शब्द बाजूला ठेवू. स्टॅनली ही रंधे बनवणारी अमेरिकन कंपनी, आणि तिच्या क्रमांकांत नंबर 5 म्हणजे जॅक, 14 इंच लांब, 2 इंच पात्याचा. सुतारकामात सर्वात जास्त खपलेल्या रंध्यांपैकी हा एक. नंबर 1 किंवा नंबर 2 असता तर दुर्मीळ म्हणणं चाललं असतं. नंबर 5 वर्षभर कुठे ना कुठे विकायला असतोच, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

दुसरं, "किती जुना" आणि "किती चांगला" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संग्रह करणाऱ्याला मूळ लेप, मूळ पातं, मूळ मूठ आणि या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ हवा असतो. त्याच्या लेखी नवा रंग दिलेला रंधा तिथेच उतरतो. काम करणाऱ्याला सरळ तळ, धड तोंड (तळातली फट, जिथून पातं बाहेर येतं) आणि न हलणारा फ्रॉग (पातं ज्यावर टेकतं तो आतला तिरपा ठोकळा) मिळाला की झालं. 1912 चा आणि 1935 चा नंबर 5 नीट लावून एकाच फळीवर चालवले, तर ढलपी पाहून कोणता कुठला हे कोणी सांगू शकणार नाही. 1960 नंतरच्या रंध्यांबद्दल मात्र मी जरा हात आखडता घेतो. पुढे त्यांत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भागांच्या जागी पत्र्याचे भाग येत गेले आणि घासून-पुसून घेण्याचं काम ढिलं पडलं. त्यांतही चांगले रंधे निघतात, पण प्रत्येक नग तपासावा लागतो.

तरी वयाचं पाहू, कारण विक्रेता त्यावरच बोली लावतो. स्टॅनलीने लिओनार्ड बेलीचे पेटंट 1869 मध्ये घेतले आणि पुढची शंभर वर्षं तोच आराखडा थोड्याथोड्या बदलांनी चालवला. ते बदल केव्हा झाले ते माहीत आहे, त्यामुळे रंध्याच्या अंगावरच त्याचं साल वाचता येतं. पाहायचं कुठे? मागच्या मुठीच्या पुढे, पितळी नटाच्या खाली, फ्रॉगमागचा बिडाचा सपाट भाग. तिथे पेटंटच्या तारखा बिडातच ओतलेल्या असतात. 1902 सालच्या दोन तारखा, म्हणजे 25 मार्च आणि 19 ऑगस्ट, एवढंच असेल तर रंधा साधारण 1902 ते 1910 मधला. त्यांच्या जोडीला 19 एप्रिल 1910 ही तिसरी तारीख असेल तर 1910 ते 1918. फक्त 1910 ची एकच तारीख उरली असेल तर पहिल्या महायुद्धानंतरचा, 1920 च्या दशकातला. तारखा गेल्या आणि "मेड इन यूएसए" आलं, म्हणजे 1930 च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा.

आता याला बाकीच्या भागांची साक्ष जोडायची. पात्याचा कल सरळ करणारी आडवी लिव्हर 1885 च्या सुमारास आली. ती नसेल तर रंधा त्याआधीचा, किंवा ती तुटून पडलेली. फ्रॉग मागून पुढे-मागे सरकवायचा स्क्रू 1907 नंतरचा. पात्याची खोली ठरवणारा पितळी नट आधी 1 इंच व्यासाचा होता, 1919 च्या सुमारास 1¼ इंचाचा झाला. पुढचा नॉबही (पुढची धरायची गोल मूठ) त्याच सुमारास बुटक्याचा उंच झाला. त्या उंच नॉबच्या बुडाला तडे जाऊ लागले, म्हणून 1930 च्या आसपास बिडात त्याच्याभोवती एक उभी कड ओतली जाऊ लागली. लिव्हर कॅपवर, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या वरच्या झाकणावर, "स्टॅनली" हे नाव 1925 पासून दिसतं. त्याच लिव्हर कॅपचं साधं भोक 1933 मध्ये मूत्रपिंडाच्या आकाराचं झालं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945, पितळ मिळेना, तेव्हा नट पोलादाचे किंवा कडक रबराचे आले. त्या काळातल्या काही रंध्यांना फ्रॉग सरकवायचा स्क्रूच नाही, ती मोडतोड समजू नका. निळा रंग 1960 च्या दशकातला.

पात्यावर हृदयाच्या आकारात "एस डब्ल्यू" अशी खूण असेल तर ते पातं 1920 च्या आसपासचं किंवा त्यानंतरच्या दशकभरातलं. 1920 मध्ये स्टॅनली रूल अँड लेव्हल ही कंपनी स्टॅनली वर्क्समध्ये विलीन झाली आणि हृदय हे विल्यम हार्ट या अध्यक्षांच्या आडनावावरून घेतलं. विक्रेते या खुणेवर फार भर देतात. पण पातं हा झिजणारा भाग आहे. पन्नास वर्षं चाललेल्या रंध्याचं पातं बदललेलं नसेल तर त्याचंच आश्चर्य वाटावं. म्हणून पात्यावरून पात्याचं वय ठरतं, रंध्याचं नाही.

खुणा नेहमी "याच्या आधीचा नाही" अशाच वाचायच्या. कारखान्यात जुने भाग संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे चार-पाच वर्षांची सरमिसळ काही संशयास्पद नाही. पण तीन तारखांचं बीड, म्हणजे रंध्याचं ओतीव अंग, आणि त्यावर मूत्रपिंडाच्या भोकाची लिव्हर कॅप दिसली, तर दोन रंध्यांचा मिळून एक केलेला आहे. कामासाठी अशी जोडणी चालते, मात्र एका ठिकाणी नाही: फ्रॉग आणि बीड. फ्रॉग ज्या बैठकीवर बसतो तिचा आकार वेळोवेळी बदलला आहे. वेगळ्या काळातला फ्रॉग कधी बसल्यासारखा दिसतो, पण टेकतो दोनच ठिकाणी, आणि मग कठीण लाकडावर पातं थरथरतं.

स्टॅनली नसेल तर काय? शेफिल्डचे रेकॉर्ड रंधे 1931 पासूनचे. त्यांच्या क्रमांकाच्या आधी शून्य असतं: 04, 05, 07. आकार तोच, बीड सहसा दणकट. मिलर्स फॉल्सने 1929 पासून रंधे काढले आणि त्यांचे क्रमांक लांबीवरून आहेत. 9 म्हणजे स्टॅनलीचा 4, 14 म्हणजे 5, 22 म्हणजे 7. सार्जंटने यावर 400 ची भर घातली: 409, 414, 422. या दोघांचे चांगले रंधे नावाच्या वलयाअभावी मागे पडून राहतात, आणि कामासाठी घेणाऱ्याने तेच आधी पाहावेत असं माझं मत आहे. स्टॅनलीचाच बेडरॉक हा 600 च्या क्रमांकांचा, 602 ते 608. त्यात फ्रॉग पूर्ण लांबीत बिडाला टेकतो. चांगला आहे, पण त्याच्यासाठी जास्तीचे मोजायची गरज सुरुवात करणाऱ्याला नाही. उलट स्टॅनलीनेच "हँडीमन" आणि "डिफायन्स" या नावांनी हलक्या प्रतीचे रंधे काढले. नुसतं नाव पाहून भुलू नका.

आता मुद्द्यावर येऊ. रंध्यात बाकी सगळं बदलता येतं: पातं, कॅप आयर्न (पात्यावर आवळलेली दुसरी पट्टी), मूठ, नॉब, नट, लिव्हर कॅप. बीड बदलता येत नाही. म्हणून पैसे बिडाचे द्यायचे.

बिडाला सर्वात मोठं भय पडण्याचं. बीड वाकत नाही, तडकतं. तडकतं कुठे? तोंडाची फट तळाच्या जवळजवळ पूर्ण रुंदीत जाते. पुढचा आणि मागचा भाग जोडून ठेवणारं बीड म्हणजे दोन्ही बाजूंना उरलेली अरुंद पट्टी आणि वरची भिंत, इतकंच. रंधा बाकावरून खाली पडला की ताण तिथेच येतो. म्हणून पहिली नजर तोंडाच्या दोन टोकांना. तिथून बाजूच्या भिंतीत वर जाणारी केसासारखी रेघ शोधा. दुसरी जागा मागच्या मुठीचा स्क्रू आणि नॉबचा स्क्रू जिथे बिडात जातात तिथला उंचवटा, आणि तिसरी भिंतींच्या वरच्या कमानी. जागा रॉकेलने पुसा, कोरडी करा आणि दोन मिनिटं थांबा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बारीक ओल्या रेघेने परत वर येतं. पितळी रंगाची रेघ दिसली तर ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून, जोडलेलं आहे. असा जोड नीट झाला असेल तर टिकतो, पण उष्णतेने तळ वाकलेला असू शकतो. पात्यापासून दूरच्या, भिंतीच्या कमानीतल्या छोट्या तुकड्याने कामात काही बिघडत नाही. तोंडातून निघालेला तडा मात्र मी घेत नाही.

तुमच्या रंध्याला नवा रंग दिला आहे, ही मला सर्वात खटकणारी गोष्ट. मूळ लेपाला जपानिंग म्हणतात. डांबराच्या जातीचा, भट्टीत भाजलेला, जाड आणि किंचित तपकिरी झाकेचा काळा. तो अर्धा उडालेला असला तरी काही बिघडत नाही. नवा रंग दोन गोष्टी लपवतो. एक म्हणजे तडा. दुसरी कमी लोकांच्या लक्षात येते: रंगवणाऱ्याने फ्रॉगची बैठक झाकून घेतली नसेल, तर घासून तयार केलेल्या पृष्ठभागावरही रंग बसतो. मग फ्रॉग धातूवर न बसता रंगावर बसतो, स्क्रू कितीही आवळले तरी पातं डळमळतं, आणि नवशिक्याला वाटतं की आपला हात चुकतोय. असा रंग पटाशीच्या कडेने खरवडून काढता येतो, तासाभराचं काम आहे. पण घेण्याआधी फ्रॉग काढलेला फोटो मागाच.

तोंडाची पुढची कड जवळून पाहा. ढलपी तुटण्याआधी लाकूड दाबून धरण्याचं काम ही कड करते. तिच्यात टवका असेल तर कानशीने कड सरळ करता येते, पण तेवढं तोंड रुंदावतं. अर्ध्या मिलिमीटरचं काही नाही. त्याहून जास्त असेल तर लोक फ्रॉग पुढे सरकवून तोंड अरुंद करतात. बेलीच्या आराखड्यात फ्रॉग बिडाच्या उतारापेक्षा पुढे गेला की पात्याच्या खालच्या टोकाचा आधार सुटतो आणि थरथर सुरू होते. जॅकला रुंद तोंड चालतं, कारण तो जाड ढलपी काढायला आहे. टेबलाचा माथा शेवटचा साफ करणाऱ्या नंबर 4 ला चालत नाही.

तळ सरळ आहे का हे पातं लावून, लिव्हर कॅप आवळून, पण धार आत ओढून तपासायचं. लिव्हर कॅपच्या ताणाने बीड किंचित वाकतं. सुट्या बिडाचं माप कामात उपयोगी नाही. चांगली स्टीलपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरून उजेडाकडे पाहा. तळाचा प्रत्येक भाग सारखा महत्त्वाचा नसतो. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक, या तीन जागा एका पातळीत हव्यात. मध्ये कुठे खळगा असला तरी रंध्याला कळत नाही. तोंडासमोर खळगा असेल तर मात्र कळतं, कारण ती कड लाकडाला टेकतच नाही. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजत असाल तर नंबर 4 ला 0.05 मिमीपर्यंतची फट चालते. जॅकला 0.1 मिमी असली तरी मी सोडून देतो. नंबर 4 चा तळ काचेवर एमरी पेपर चिकटवून तासा-दोन तासांत सरळ होतो. 22 इंची नंबर 7 ला पीळ असेल तर तो हाताने काढायच्या नादी लागू नका. गुण्या लावून बाजू तळाशी काटकोनात आहेत का हेही पाहा. पण रंधा आडवा टाकून चालवणार असाल तरच त्याला महत्त्व आहे.

पातं आणि कॅप आयर्न वेगळे करा. पात्याच्या सपाट बाजूवर धारेजवळच्या पहिल्या 10-15 मिमीत गंजाचे खड्डे असतील तर धारेत दाते राहतील. गंजाचा नुसता तांबूस थर पुसून जातो, त्याची चिंता नको. नखाला लागतो तो खड्डा. धारेपासून मधल्या खाचेपर्यंत निदान इंचभर पोलाद शिल्लक हवं, नाहीतर कॅप आयर्नला पुढे यायला जागा उरत नाही. धारेजवळ निळी झाक म्हणजे ग्राइंडरवर तापून पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं आहे, तेवढा भाग घासून काढावा लागेल. कॅप आयर्न पात्यावर आवळून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर ढलप्या तिथे अडकून तोंड तुंबणार. हा दोष भयंकर दिसतो, पण दगडावर पाच मिनिटांत जातो. तेवढ्यासाठी सौदा मोडू नका, भाव करायला हरकत नाही.

पितळी नट फिरवून पाहा. मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवला की पातं बाहेर यायला हवं. आटे उलटे आहेत, म्हणून जाम झालेला नट सवयीने उलट्या दिशेला जोर लावून फिरवू नका. अर्धा ते एक फेरा रिकामा जाणं नेहमीचं आहे. दोन-तीन फेरे रिकामे गेले तर नटाच्या खाचेत बसणारं योक, म्हणजे पातं पुढे-मागे ढकलणारा दोन टोकांचा काटा, झिजलेलं किंवा एका बाजूने मोडलेलं आहे. स्क्रू सगळे असल्याची खात्री करा. स्टॅनलीने स्वतःचे वेगळे आटे वापरले, लिव्हर कॅपचा स्क्रू 9/32 इंच व्यासाचा आणि इंचाला 24 आट्यांचा. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात बसत नाही. कोणी जबरदस्तीने बसवला असेल तर बिडातले आटे गेलेले असतात.

लाकडी रंध्याचं गणित वेगळं. बनवणाऱ्याचा शिक्का पुढच्या टोकाच्या आडव्या छेदावर असतो. इतरत्र ठोकलेली नावं बहुधा वापरणाऱ्यांची. पाचर ज्या खोबणीत बसते तिच्या कडांपासून गालांत तडा गेला आहे का, हे आधी पाहा. लाकूड रुंदीत आकसतं, पातं आकसत नाही. अनेक वर्षं पातं आत ठेवून कोरड्या जागी पडलेला रंधा पात्यानेच फोडलेला असतो. तळ वरचेवर रंधून सरळ केल्यामुळे तोंड रुंदावलेलं असतं, ते कठीण लाकडाची चकती बसवून नीट करता येतं. पातं मात्र अनेकदा बाकीच्या रंध्याहून मोलाचं निघतं. जाड, मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर घडवून चिकटवलेला. धारेचा उतार स्वच्छ पुसला की दोन रंगांतली सीमारेषा स्पष्ट दिसते. मागच्या सपाट बाजूवर तो थर किती लांब उरला आहे तेवढंच पात्याचं आयुष्य.

तेव्हा विक्रेत्याला पाच फोटो मागा: तळ पूर्ण, तोंड अगदी जवळून, दोन्ही बाजूंच्या भिंती, फ्रॉग काढून आतली बैठक, आणि पात्याची सपाट बाजू. पेटंटच्या तारखा बैठकीच्या फोटोत आपोआप येतील. "फ्रॉग निघत नाही" असं उत्तर आलं, तर दोन स्क्रू गंजून जाम झालेत किंवा त्याला काढायचा नाही, दोन्हीकडून तुमचंच नुकसान. फोटो आले आणि तोंडाच्या कडा शाबूत दिसल्या तर घ्या. पाट्या जोडायला नंबर 5 साधारण चार फुटांपर्यंत पुरतो. माथा साफ करायला पुढे नंबर 4 लागेल, पण तोवर याच रंध्याचं पातं कोपऱ्यांना किंचित गोलसर घासून, बारीक ढलपीवर चालवून निभतं.

आणि घरी आणल्यावर मूठ हलतेय असं दिसलं तर लगेच बदलायला काढू नका. जुनं लाकूड वाळून बुटकं होतं, पण आतली लांब सळई तेवढीच राहते, त्यामुळे वरचा पितळी नट लाकूड आवळायच्या आत सळईच्या आट्यांच्या शेवटाला टेकतो. सळई काढून तिचं एक टोक कानशीने 2 मिमी कमी करा, मूठ घट्ट बसेल.